संथ गतीचा इतिहास: हिवरे बाजारचे चर, जेऊरचे ग्रहण आणि खोडदच्या तबकड्या

१.
अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या डोंगरउतारांवर समतल चरांच्या ओळी दिसतात. पाणलोटाच्या कामातील एक सूत्र महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे: पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबवा, थांबलेल्याला मुरवा. १९७२ च्या दुष्काळाने खचलेल्या या गावाने १९८९ नंतर, पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात, हे सूत्र प्रत्यक्षात आणले. तेथे पाण्याचा वेग एका भिंतीने मोडलेला नाही. चर, बांध, नालाबांध अशा लहानलहान टप्प्यांनी तो उतरवला आहे. वेगवान शक्तीला अतिशय संथ आणि तरीही अखंड कसे चालवायचे, हा प्रश्न यंत्रे बनवणाऱ्यांनाही दीड हजार वर्षे छळत आला आहे. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग महाराष्ट्राच्या भूमीवर घडला. आजचा धागा त्याविषयी.

२.
आधी ‘संथ’ म्हणजे किती, ते पाहू. आकाश आपल्याभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करते, म्हणजे तासाला साधारण १५ अंश. घड्याळाचा तासकाटा तासाला ३० अंश सरकतो. आकाशाची गती त्याच्याही निम्मी. दुर्बिणीला किंवा कॅमेऱ्याला ताऱ्यामागे न्यायचे, तर त्याचा अक्ष याच गतीने फिरला पाहिजे. मिनिटाला १५०० फेऱ्या मारणारी सामान्य मोटर घेतली, तर तिची गती सुमारे साडेएकवीस लाख पटींनी उतरवावी लागते. शिवाय नुसती सरासरी जुळून भागत नाही. प्रत्येक सेकंदाची गती त्याच्या आधीच्या सेकंदासारखीच हवी.

३.
येथे पहिला मोह होतो तो मोटरलाच हळू चालवण्याचा. साध्या डीसी मोटरचे व्होल्टेज कमी करत गेले की ती काही काळ आज्ञाधारकपणे मंदावते, मग अचानक थांबते. थोडे व्होल्टेज वाढवले की झटका घेऊन धावू लागते. याचे कारण घर्षणात आहे. स्थिर वस्तू हलवायला जितके बळ लागते, त्याहून कमी बळ ती हलती ठेवायला पुरते. म्हणून अतिसंथ गतीत यंत्र अडकते, ताण साठतो, मग ते निसटते, पुन्हा अडकते. बैलगाडीचा ब्रेक अर्धवट लागला की चाक जसे कुरकुरत, धक्के देत फिरते, तसेच हे. संथ गतीच्या साऱ्या इतिहासाला या एका दोषाशी झगडण्याचा इतिहास म्हणता येईल.

४.
भारतीय परंपरेत या प्रश्नाचा एक स्पष्ट उल्लेख आर्यभटाकडे सापडतो. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ ग्रंथाच्या गोलपादात तो सांगतो, की लाकडाचा, सर्व बाजूंनी समान वजनाचा, हलका गोल घ्यावा आणि पारा, तेल, पाणी यांच्या साहाय्याने तो काळाच्या गतीने फिरवावा. त्यासोबत स्वतःची बुद्धीही वापरावी, असे तो आवर्जून जोडतो. टीकाकारांनी त्याची रचना उलगडली आहे. गोलाभोवती दोरी गुंडाळायची, तिच्या टोकाला पारा भरलेला भोपळा बांधायचा आणि तो उंच नळकांड्यातील पाण्यावर तरंगत ठेवायचा. नळकांड्याच्या तळाच्या छिद्रातून पाणी गळत जाते, भोपळा खाली उतरतो आणि गोल फिरतो. तेल अर्थातच अक्षासाठी.

५.
या रचनेत शक्ती आणि नियंत्रण वेगळे केलेले आहे, हे लक्षात घ्यावे. गोल ओढतो पाऱ्याचा भार. त्याला धावू देत नाही ते गळणारे पाणी. बळ भरपूर ठेवायचे आणि त्याचा लगाम दुसऱ्या, वेळ पाळणाऱ्या गोष्टीच्या हाती द्यायचा, ही युक्ती पुढील प्रत्येक यशस्वी यंत्रात पुन्हापुन्हा भेटते. यात एक उणीवही होती. नळकांड्यातील पाण्याची पातळी खाली गेली की छिद्रावरचा दाब घटतो आणि गळती मंदावते. त्यामुळे सुरुवातीला गोल आकाशाच्या पुढे धावणार आणि शेवटी मागे पडणार. लग्नाच्या मुहूर्तासाठी पाण्यावर सोडले जाणारे घटिकापात्र या बाबतीत अधिक भरवशाचे. चोवीस मिनिटांनी बुडणारे ते छिद्राचे वाडगे दर घटकेला नव्याने सोडायचे असते, त्यामुळे एका घटकेची चूक पुढच्या घटकेत साचत नाही.

६.
युरोपात दुर्बिणीला स्वयंचलित गती देण्याचे काम जर्मन भिंगकार योझेफ फ्राउनहोफर यांनी नावारूपाला आणले. १८२४ मध्ये त्यांनी दोर्पात येथील, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू येथील, वेधशाळेसाठी मोठी दुर्बीण बनवली. खाली उतरणारे वजन तिचा अक्ष फिरवत असे. त्या वजनाच्या ओढीला आवर घालण्यासाठी गरगर फिरणाऱ्या गोळ्यांचा गतिनियामक, म्हणजे गव्हर्नर, बसवलेला होता. गती वाढली की गोळे बाहेर फेकले जाऊन घासू लागत आणि जास्तीची शक्ती खाऊन टाकत. गती घटली की आत येत आणि घर्षण कमी होई. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक येथे चालत नाही, कारण त्याचा काटा टिकटिक करत, थांबत थांबत जातो. ताऱ्याला अखंड सरक हवी असते.

७.
पण लगाम फार उतावीळ झाला तर तोच घोडा उधळवतो. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८४० मध्ये दुर्बिणीच्या अशाच गतिनियामकाविषयी लिहिताना दाखवले, की काही मांडण्यांत तो स्थिरावण्याऐवजी मागेपुढे झोके घेऊ लागतो आणि झोके वाढतच जातात. चूक दुरुस्त करताना तो दर वेळी थोडा जास्तच वळतो, हे त्याचे कारण. पुढे १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गव्हर्नरांवर शोधनिबंध लिहून, नियामक केव्हा स्थिर राहील आणि केव्हा बिथरेल याच्या गणिती अटी मांडल्या. आज वातानुकूलन यंत्रापासून अग्निबाणापर्यंत वापरले जाणारे नियंत्रणशास्त्र ज्या पायावर उभे आहे, त्या पायातला एक दगड तासकाट्याहून संथ चालणाऱ्या दुर्बिणीने घातला आहे.

८.
आता महाराष्ट्राकडे येऊ. मुंबईचे पारशी विज्ञान-अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांना भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांच्याकडून वेधशाळेसाठी देणगी मिळाली आणि सरकारनेही त्यात भर घातली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो त्या संस्थेत, १८८८ मध्ये ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ उभी राहिली. तिच्यातील डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची २० इंची परावर्ती दुर्बीण पुढे कित्येक दशके भारतातील सर्वात मोठी दुर्बीण होती. विजेच्या मोटरी घरोघर पोहोचण्यापूर्वीच्या त्या काळात पुण्यात आकाशाच्या गतीने फिरणारे एवढे मोठे यंत्र राबत होते, ही गोष्ट आज पुणेकरांनाही फारशी ठाऊक नसते.

९.
नायगमवालांच्या कसोटीचा दिवस आला २२ जानेवारी १८९८ रोजी. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर उतरून ईशान्येकडे गेली. विजयदुर्ग, जेऊर, विदर्भातले तळणी आणि पुलगाव अशा ठिकाणी देशविदेशातील तुकड्यांनी तळ ठोकले. काळ मोठा कठीण होता. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली त्याला अवघे सात महिने झाले होते. हिवरे बाजार या सावलीच्या पट्ट्याबाहेर वायव्येला राहिले. तेथे ग्रहण खंडग्रासच दिसणार होते. तेथून आग्नेयेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे जेऊर मात्र पट्ट्याच्या ऐन मध्याजवळ होते. हे जेऊर म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले रेल्वे स्थानकाचे जेऊर. नगर तालुक्यातले जेऊर बायजाबाई नव्हे.

१०.
जेऊरला नायगमवालांची तुकडी होती, तशीच कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल यांचीही होती. कॅम्बेल यांनी समुद्रापारहून आणलेल्या साहित्यात चाळीस फूट लांबीचा एक अजब कॅमेरा होता. त्यांचे सहकारी जॉन शेबर्ले यांनी तो कल्पिला होता आणि १८९३ च्या ग्रहणात चिलीमध्ये प्रथम वापरला होता. चाळीस फुटी दुर्बीण घड्याळयंत्राने हलवणे दुरापास्त, म्हणून शेबर्ले यांनी प्रश्नच उलटा केला. भिंग उंच मनोऱ्यावर सूर्याकडे तोंड करून पक्के बसवायचे. कापडी नळी वेगळ्या आधारावर ताणायची, म्हणजे वाऱ्याने ती हलली तरी भिंग हलणार नाही. आणि खाली जमिनीजवळ सूर्याची प्रतिमा जशी सरकेल, तशी फक्त काच सरकवायची. काचेची ती चौकट धातूच्या रुळांवर घड्याळयंत्राच्या ओढीने चाले.

११.
या काचेची गती आपण स्वतः काढू शकतो. चाळीस फूट म्हणजे सुमारे १२.२ मीटर. आकाश सेकंदाला १५ विकला सरकते. जानेवारीत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांच्या आसपास असतो, त्याची सूट दिली की काचेवरची प्रतिमा सेकंदाला सुमारे ०.८३ मिलिमीटर सरकते. प्रतिमेचा व्यास साधारण ११५ मिलिमीटर. खग्रास अवस्था होती सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्या वेळात सूर्यबिंब काचेवर १०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास स्वतःच्या रुंदीइतके सरकणार. सूर्याच्या प्रभामंडळाचा फिकट भाग टिपण्यासाठी दहा सेकंद काच उघडी ठेवली आणि यंत्र बंद असले, तर आठ मिलिमीटरचा फराटा उमटणार. यंत्र चालू असूनही गतीत शेकडा पाचाची चूक झाली, तरी दहा सेकंदांत प्रतिमा ०.४ मिलिमीटर पसरणार आणि प्रभामंडळाचे बारीक तंतू पुसले जाणार.

१२.
मनोरे आणि नळी ही कामे जागेवर, मिळेल त्या साहित्यातून आणि मनुष्यबळातून करायची असत. ऐन वेळी कॅमेरे चालवणाऱ्यांत प्रशिक्षित ज्योतिषी थोडे आणि स्वयंसेवक अधिक. कॅम्बेल यांच्या पत्नी एलिझाबेथ त्यांच्यासोबत जेऊरला आल्या होत्या. अशा तळांवर काचा बदलण्याच्या, सेकंद मोजण्याच्या तालमी आधी अनेक दिवस चालत, कारण चुकले तर पुन्हा करायची संधी नसे. घड्याळयंत्र तिथल्या हवेला, धुळीला, तेलाच्या दाटपणाला कसे वागते हे आधीच पाहून त्याची गती जुळवून ठेवावी लागे. मध्यान्हाच्या सुमारास सावली आली, आकाश स्वच्छ राहिले आणि काम साधले. नायगमवालांचा जेऊरच्या वेधांवरचा सविस्तर अहवाल पुढे १९०२ मध्ये त्यांच्या वेधशाळेचे प्रकाशन म्हणून प्रसिद्ध झाला.

१३.
त्याच दिवशी विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर यांचा तळ होता. त्यांच्या मदतीला आरमाराच्या ‘मेल्पोमेनी’ या जहाजावरचे खलाशी होते. किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ या तळाची आठवण सांगतात. आकाशाच्या गतीने आरसा किंवा नळी फिरवणाऱ्या यंत्राखालची जमीन केसभर खचली, तरी सारी अचूकता वाया जाते; म्हणून आधी पक्का चौथरा, मग यंत्र. मात्र याच कट्ट्यांवरून १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकयर यांनी हेलियम शोधला, ही सर्वत्र फिरणारी कथा खरी नाही. १८६८ मध्ये लॉकयर भारतात आलेच नव्हते. त्या वर्षी ऑगस्टमधल्या ग्रहणाचे प्रसिद्ध वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून घेतले. लॉकयर यांनी सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये बसून पाहिली. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी.

१४.
या विस्मृतीची किंमत जेऊर आणि पुण्याने मोजली आहे. न घडलेल्या शोधाचा दिवस आपण साजरा करतो. आणि ज्या माणसाने पुण्यात वेधशाळा उभारली, चोवीस वर्षे पदरमोड म्हणावी अशा तुटपुंज्या साधनांत ती चालवून जेऊरच्या माळावर वेध घेतले आणि त्यांचा अहवाल छापून ठेवला, त्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाही. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, तशी तख्तसिंहजी वेधशाळा बंद करण्यात आली. ग्रबची दुर्बीण आणि इतर उपकरणे कोडाईकनालला गेली. यंत्र गेले त्यासोबत ते चालते ठेवण्याचे हातचे ज्ञान, म्हणजे कुठे तेल घालावे, गव्हर्नर कधी बिथरतो, चौथरा कसा बांधावा, हेही पुण्यातून गेले. असे ज्ञान ग्रंथात पूर्ण उतरत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि साखळी तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

१५.
ती सुरुवात करणाऱ्यांत गोविंद स्वरूप यांचे नाव अग्रभागी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी १९७० च्या सुमारास उटीजवळ ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण उभारली. तिची जागा निवडण्यातच निम्मे उत्तर होते. उटीच्या अक्षांशाइतकाच, म्हणजे सुमारे ११ अंशांचा, उत्तर-दक्षिण उतार असलेली टेकडी त्यांनी शोधली. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर झाला. आकाशातील स्रोताचा पाठलाग करायला ती एकाच अक्षाभोवती, एकाच ठरीव संथ गतीने वळवली की पुरते. अवघड नियंत्रण सोपे करायचे असेल, तर यंत्राच्या आधी भूमिती सुधारावी, हा धडा उटीच्या टेकडीने दिला.

१६.
पुढे स्वरूप यांनी महाराष्ट्र निवडला. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभी राहिली. हिवरे बाजारहून सरळ पश्चिमेला मोजले तर हे ठिकाण साठेक किलोमीटर भरते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या येथे आहेत. त्यांतील १४ मध्यभागी दाटीने आहेत, तर १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या आहेत. टोकाच्या तबकड्यांतील अंतर सुमारे २५ किलोमीटर. पत्र्याऐवजी पोलादी तारांची विणलेली जाळी ताणून वजन आणि वाऱ्याचा मार कमी केला, हे तिच्या रचनेचे वैशिष्ट्य. तरीही वळवायचा भार ऐंशी टनांच्या घरात, आणि पाठलाग करायचा तो त्याच तासाला १५ अंशांच्या आकाशाचा.

१७.
खोडदच्या तबकड्या उटीसारख्या एका अक्षावर नाहीत. त्या दिशेच्या आणि उंचीच्या अशा दोन अक्षांवर फिरतात. नव्या स्रोताकडे वळताना तबकडी आडव्या दिशेत मिनिटाला ३० अंशांपर्यंत फिरते. पाठलाग करताना गती त्याच्या शंभरहून अधिक पटींनी खाली येते. मिनिटाला पंधराशे फेऱ्यांची मोटर धरली, तर आडव्या दिशेत वळण्यासाठी सुद्धा गिअरची घट अठरा हजार पट लागते. आणखी एक पेच आहे. स्रोत मध्यान्हरेषा ओलांडतो तेव्हा त्याची उंची वाढायची थांबून कमी होऊ लागते. त्या क्षणी उंचीच्या मोटरची गती शून्यावर येऊन उलट फिरते. घर्षण अडवते ते नेमके येथे, आणि गिअरच्या दातांमधला ‘प्ले’ उघडा पडतो तोही येथेच.

१८.
यावरचा उपाय मोठा सुरेख आहे. प्रत्येक अक्षाला एकाऐवजी दोन मोटरी जोडायच्या आणि त्यांना एकमेकींविरुद्ध थोड्या ताणात ठेवायचे. एक पुढे ओढते, तर दुसरी किंचित मागे धरते. दोघींमधला ताण कायम असल्याने दात कधी सैल पडत नाहीत आणि दिशा उलटली तरी झटका बसत नाही. गाडी उतारावरून नेताना बैल पुढे ओढतात आणि माणूस मागून दोर धरून चालतो, तसेच हे. अक्ष प्रत्यक्षात कुठे आहे आणि किती वेगाने फिरतो आहे याची खबर सतत मागे येत असते. आज्ञा आणि खबर यांतला फरक पाहून मोटरला वीज दिली जाते. फ्राउनहोफरचे गरगरणारे गोळे येथे विजेच्या रूपात उतरले आहेत.

१९.
एवढ्या प्रचंड यंत्रांमागचे तत्त्व घरी बनवलेल्या लहान यंत्रालाही तंतोतंत लागू पडते. १९७५ मध्ये स्कॉटलंडचे जॉर्ज हेग यांचा एक आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात दोन फळ्या एका बिजागरीने जोडायच्या, बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा आणि एका आट्यांच्या रॉडने फळ्या हळूहळू दूर सारायच्या. वरच्या फळीवरचा कॅमेरा आकाशाबरोबर वळतो. आपल्याकडे सहज मिळणारा, एका फेरीत एक मिलिमीटर सरकणारा सहा मिलिमीटरचा रॉड घेतला आणि त्याला मिनिटाला एक फेरी दिली, तर तो बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरवर बसवावा लागतो. हिवरे बाजारच्या आकाशात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो. म्हणून बिजागरी जवळपास आडवीच पडते आणि कॅमेऱ्याचे वजन तोलण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. सरळ रॉडमुळे येणारी चूक वीस मिनिटांत अंशाच्या ऐंशीव्या भागाइतकी, मोठ्या भिंगाशिवाय ती जाणवतही नाही.

२०.
मिनिटाला एक अचूक फेरी आणायची कुठून? पूर्वीच्या हौशी मंडळींना घरगुती विजेवर चालणारी सिंक्रोनस मोटर आकर्षक वाटे, कारण ती विजेच्या ५० हर्ट्झ आवर्तनाला बांधलेली असते. पण १९९० च्या दशकात आपल्या ग्रिडचे आवर्तनच स्थिर नसे. ते ४९ वर उतरले, तर मोटर शेकडा दोनाने मागे पडे. तासाभरात कॅमेरा आकाशाच्या १८ कला मागे, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्याहून अधिक. भारनियमनाचा जाच वेगळाच. २००२ मध्ये पश्चिम ग्रिडमध्ये आवर्तनानुसार विजेचा हिशेब करणारी नवी दरपद्धत आली, तेव्हापासून यात सुधारणा झाली. लगाम ज्याच्या हाती द्यायचा, तोच वेळ पाळणारा नसेल तर आर्यभटाच्या गळणाऱ्या नळकांड्याची उणीव पुन्हा उभी राहते.

२१.
आता स्वस्त गिअरची डीसी मोटर आणि जुन्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर सहज मिळते. डीसी मोटर नुसते व्होल्टेज कमी करून चालवू नये. पूर्ण व्होल्टेजचे तुटक, भराभर ठोके द्यावेत. प्रत्येक ठोका घर्षण मोडण्याइतका जोरकस असतो आणि ठोक्यांच्या लांबीने सरासरी गती ठरते. शक्य असेल तर फेऱ्या मोजणारा सेन्सर लावून गती तपासत राहावे. स्टेपर मोटर स्फटिकाच्या घड्याळावर पावले टाकते, म्हणून तिची सरासरी चुकत नाही. पण सामान्य स्टेपर एका फेरीत २०० पावले टाकते आणि प्रत्येक पावलाला यंत्र थरथरते. म्हणून तिलाही गिअरची घट द्यावी. मोटर तिला सोसेल तितक्या वेगात फिरू द्यावी आणि संथपणा गिअर, आटे आणि लांब भुजा यांच्याकडून टप्प्याटप्प्याने घ्यावा.

२२.
आर्यभटाच्या गोलापासून खोडदच्या तबकडीपर्यंत जे यंत्र टिकले, त्यात चार गोष्टी समान आढळतात. पाया पक्का आणि अक्ष नेमका. वेग एकदम न मारता अनेक टप्प्यांत उतरवलेला. दातांत सैलपणा राहू नये म्हणून कायमचा हलका ताण. आणि गती सांभाळणारी अशी गोष्ट, जी भारामुळे स्वतः बदलत नाही. यांतले एकही खर्चिक नाही. सगळ्यांना लागतो तो धीर आणि नोंद ठेवण्याची सवय. हिवरे बाजार दर वर्षी पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. मागे येणाऱ्या खबरीवर पुढची आज्ञा बेतण्याचीच ती रीत आहे.

२३.
पुण्याहून सोलापूरकडे रेल्वेने जाताना जेऊर स्थानक लागले, तर क्षणभर बाहेर पाहावे. १८९८ च्या एका दुपारी याच परिसरात काचेची एक चौकट सेकंदाला मिलिमीटरहूनही कमी वेगाने रुळावरून सरकत होती, आणि दोन मिनिटांपुरती का होईना, ती सूर्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालली होती. शेजारीच पुण्याहून आलेले एक प्राध्यापक आपल्या उपकरणांशी उभे होते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढे नाव लक्षात ठेवावे, ही विनंती.

(धागा समाप्त)